मदत हवी आहे: एकाच घरातल्या तीन वाचकांसाठी कथा-कादंबऱ्या

नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. मुलगी ११ वर्षांची, मुलगा १६ वर्षांचा आणि सासूबाई ७८ वर्षांच्या. या तिघांसाठी मराठी कथा-कादंबऱ्या सुचवाव्यात, ही विनंती.

शाळेत हिंदी असल्यामुळे मुलांना देवनागरी अडत नाही, अडतो तो अर्थ. परवा ‘त्याला शिक्षा झाली’ हे वाक्य वाचून मुलीने विचारले, ‘मग तो शिकला ना, रडतो कशाला?’ भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र तिने दोन दिवसांत संपवला, तेव्हा तसेच वेगवान, साहसी काही असल्यास उत्तम. मुलाला विज्ञानकथा आणि रहस्यकथा हव्यात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी हौसेने त्याच्या हाती दिली, पण संवादांतल्या माणदेशी बोलीपाशी तो अडखळला. खरे तर चूक माझीच, कारण पहिली काही पाने मी मोठ्याने वाचून दाखवायला हवी होती. सासूबाईंना ठसठशीत अक्षरांतले विनोदी कथासंग्रह चालतील. ऐतिहासिक कादंबऱ्यांनी त्यांचे कपाट आधीच भरले आहे.

नुसती नावे न देता, ते पुस्तक आपल्या घरी कोणत्या वयाच्या वाचकाने वाचले आणि त्याला कुठे कंटाळा आला, हेही कृपया कळवावे.