मदत हवी आहे : वडिलांसह अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय

नमस्कार. नाशिकरोडहून सिन्नर-शिर्डी-राहुरी मार्गे अहिल्यानगरचे, १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय सहकुटुंब पाहण्याचा विचार आहे. चिरंजीवांना रोल्स रॉइसची चिलखती गाडी खुणावते आहे, तर तोफखान्यातून निवृत्त झालेल्या वडिलांना १९६५ च्या युद्धातला पाकिस्तानी पॅटन रणगाडा जवळून न्याहाळायचा आहे. मात्र गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते काठी टेकत चालतात आणि खडीवर त्यांचा पाय ठरत नाही. रणगाडे उघड्यावर असल्याने (आणि तापलेल्या पोलादाला मुले हात लावणारच!) सकाळी लवकर पोहोचणे बरे, असे वाटते. नुकतेच जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे : आत चाकाची खुर्ची नेता येते का, सावलीत बसण्याची सोय आहे का आणि प्रत्येकाचे ओळखपत्र लागते का?