जिम्नी, थार की गुरखा? चिखलात टिकणारी गाडी हवी

गगनबावड्याकडं शेत आहे. शेवटचा दीड किलोमीटर लाल मातीचा चढ, जूननंतर ट्रॅक्टरच जातो. जुन्या जीपचा चॅसिस मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटपाशी गंजून पापुद्रे सुटलेत. दोनदा वेल्डिंग केलं, परत चिरला. क्वाड बाइकही बघितली, पण पासिंगची भानगड, शिवाय खताची पोती कुठं टाकायची?

बजेट बारा लाख, सेकंडहँड चालेल, फोर बाय फोरच (चारही चाकांना ताकद देणारी) पाहिजे. गुरख्याला दोन्ही ॲक्सलला डिफ लॉक (एक चाक चिखलात नुसतं फिरलं तरी जोडीच्या चाकालाही ताकद देणारी सोय) आहे, जिम्नी हलकी पण फक्त पेट्रोल. शोरूमवाले सगळंच भारी सांगतात राव!

दोन-तीन पावसाळे काढलेल्यांनी सांगा: चॅसिसला गंज कुठं धरला, कुठले सील गेले, आणि गुरख्याचे पार्ट कोल्हापुरातच मिळतात की पुण्याहून मागवायला लागतात?