कोंढाळीजवळच्या बरडावर फोर बाय फोर ट्रॅक करायचाय, चांगला ट्रॅक कशानं होतो?

बरडवाला_नागपूर:
राजेहो, मामाचं कोंढाळीकडे १२ एकर बरड पडीक आहे. मधून नाला, एका कोपऱ्यात काळी माती, बाकी मुरूम अन् दगड. मामा म्हणतो गाड्या फिरवा, फक्त धुरे फोडू नका. गाड्या ४ थार, २ जिम्नी, सगळ्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या) अन् कंपनीच्याच टायरवर, अन् जेसीबी एक दिवस मिळून राहिला. मला वाटे मोठे खड्डे अन् एक खडा चढ केला की झालं, पण मागं एका ठिकाणी पैसे भरून गेलो तिथं हेच होतं, १० मिनिटांत मजा संपली अन् पुढचे २ तास गाड्या ओढण्यात गेले. मग नेमकं काय पाहिजे?

फोर_लो:
भाऊ, जेसीबी सगळ्यात शेवटी, आधी पायी फिर. लाईन, म्हणजे चाकं कुठून न्यायची ती वाट, निवडायला मिळते तोच ट्रॅक चांगला. एकच घळ ठेवली तर सगळ्या त्याच चाकोरीतून जातात, चाकोरी खोल होते अन् मागच्या गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकते. थारचा ग्राउंड क्लिअरन्स (पोटाची जमिनीपासूनची उंची) २२६ मिमी, जिम्नीचा २१०, म्हणजे त्यात फार फरक नाही, पण जिम्नी अरुंद आहे, थारच्या चाकोरीत तिचं एक चाक बसते अन् दुसरं वर राहते, गाडी कलते. मोठ्या खड्ड्याऐवजी उथळ खड्डे घे, एक डावीकडे, पुढचा उजवीकडे. तिरप्या कोपऱ्यांतली दोन चाकं, म्हणजे पुढचं एका बाजूचं अन् मागचं दुसऱ्या बाजूचं, हलकी होतात, घाबरून पाय काढू नये, ॲक्सिलरेटर हळू धरून ठेवला की जिम्नी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते अन् ताकद दुसऱ्या बाजूला जाते. शिकायला मिळते ते तिथंच.

वावरातली:
काळ्या मातीचा कोपरा पावसाळ्यात सोडूनच द्या. ती माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतो, मग फोर लो (चारही चाकांना जास्त जोर देणारा हळू गियर) लावा की काहीही करा. मी जुलैत पांदणीवर फसले होते, ट्रॅक्टर यायला ४ तास गेले, पण मला जास्त वाईट वाटलं ते नंतर, माझ्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत वाळून दगड झाल्या अन् लोकांच्या बंड्या त्यातूनच आदळत होत्या. कापूस घरी आणायचे दिवस होते ते. म्हणून सांगते, मामाच्या धुऱ्याच्या आतच राहा. अन् चढाची वाट सरळ वरून खाली काढू नका, पहिल्याच पावसात तिचा नाला होतो. तिरपी काढा, मधेमधे पाणी बाजूला जाऊ द्या.

टायरची_हवा:
तिरपी काढा पण आडवा उतार जास्त ठेवू नका ताई, गाडी तिथंच पलटी होते. बाकी पूर्ण पटलं. प्रत्येक अवघड जागेला बाजूनं सोपी वाट पाहिजेच, नाहीतर नवा माणूस लाजेखातर जातो अन् गाडी मोडून बसतो. चढाच्या वर ओढणारी गाडी उभी राहील एवढी सपाट जागा ठेवा, बघणारे लोक उताराच्या खाली नको. नाला एकाच जागी ओलांडा, तळाला मुरूम असेल तिथं, अन् पायी उतरून बघितल्याशिवाय नाही. थार ६५० मिमी पाण्यातून जाते, पण वाहत्या पाण्यात हा आकडा धरू नका. टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, परत भरायला कंप्रेसर सोबत घ्या.

बरडवाला_नागपूर:
जेसीबीवाल्याला थांबवलं. रविवारी चुन्याची फक्की घेऊन पायी लाईनी आखतो. नाल्याजवळ दोन पळस आहेत, ते वाचवून वाट वळवतो, बघणाऱ्यांना सावली तिथंच होईल. फोर_लो दादा, सकाळी ७ ला येता का सोबत?