रिटायरिंग रूम: कन्फर्म पीएनआर आणि वेळेचा घोळ
रिटायरिंग रूम म्हणजे स्टेशनवरच्या प्रवाशांसाठीच्या मुक्कामाच्या खोल्या; त्यातच डॉर्मिटरी, म्हणजे अनेक खाटांची सामायिक खोलीही येते. बरेच जण म्हणतात की तिकीट असलं की रेल्वेची डॉर्मिटरी मिळतेच. अर्धंच खरं. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी (बसायची जागा पक्की, पण पूर्ण बर्थ नाही) हवं, वेटिंगवर खोली मिळत नाही. शिवाय बुकिंग त्या पीएनआरच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या स्टेशनवरच होतं. पुणे-नागपूर तिकिटावर मधल्या भुसावळला खाट मागाल तर जमणार नाही.

खरी गोची वेळेची. खोलीच्या बुकिंगचा स्लॉट, म्हणजे ठरावीक तास, निवडलेल्या वेळेपासून मोजला जातो, गाडी तीन तास लेट आली तरी. त्यामुळे रात्री उशिरा पोचणारी गाडी असेल तर बारा तासांच्या स्लॉटची सुरुवात तासभर पुढचीच धरा, तेवढा वेळ वेटिंग हॉलमध्ये निघतो. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. आणि हो, साखळी-कुलूपही: बॅग खाटेच्या पायाला अडकवलेली बरी.