मदत हवी आहे: काहीच दिसलं नाही, तर अर्धायुष्याची मर्यादा काढतात कशी?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या मुलांसाठी आम्ही अभ्यासक्रमाबाहेरचे तास घेतो, त्यात सध्या न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय चालू आहे. नेहमीच्या दुहेरी बीटा क्षयात दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनो या अतिहलक्या, विद्युतभार नसलेल्या कणाचे प्रतिकण) बाहेर पडतात. मायोराना या भौतिकशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये सुचवल्याप्रमाणे न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण असेल, तर नुसते दोन इलेक्ट्रॉनच बाहेर पडू शकतील. मग सगळी ऊर्जा त्यांच्याकडे जाईल आणि जर्मेनियम-७६ साठी ऊर्जेच्या आलेखात २०३९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर बारीक शिखर दिसेल. इथपर्यंत मुलांना छान समजलं.

अडलंय ते पुढे. इटलीत ग्रान सास्सो पर्वताखालच्या गेर्डा प्रयोगात हे शिखर दिसलं नाही, तरी २०२० मध्ये त्यांनी अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) १.८ × १०^२६ वर्षांहून जास्त असल्याचं सांगितलं. एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, विश्वाचं वय १.३८ × १०^१० वर्षं. जे कधी घडताना पाहिलंच नाही, त्याचं अर्धायुष्य निदान इतकं आहे हे कशावरून?" इतका नेमका प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मोघम उत्तर देऊन चालणार नाही.

मी केलेलं गणित असं: १ किलो जर्मेनियम-७६ मध्ये ७.९ × १०^२४ अणू. ०.६९ ने गुणून १.८ × १०^२६ ने भागलं की किलोमागे वर्षाला ०.०३ क्षय. गेर्डाची एकूण नोंद सुमारे १२७ किलो-वर्षांची (जर्मेनियमचे किलो गुणिले मोजणीची वर्षं), म्हणजे जेमतेम ४ क्षय. पण दिसले शून्य, तर मर्यादा ४ क्षयांशीच का आखायची? १ किंवा १० शी का नाही?

दुसरं, जपानच्या कामलँड-झेन या अशाच प्रयोगात ७४५ किलो झेनॉन होता, पण ऊर्जा मोजण्यात तो जर्मेनियमइतका काटेकोर नाही. तरी त्यांची मर्यादा ३.८ × १०^२६ वर्षांची. हे कसं?

प्रतिसाद:
ताई, गणित बरोबर आहे, एकच पायरी राहिली. उपकरणातलं सगळं जर्मेनियम हे जर्मेनियम-७६ नसतं (समृद्ध केल्यावर, म्हणजे त्याचं प्रमाण मुद्दाम वाढवल्यावर, सुमारे ८७ टक्के), आणि प्रत्येक क्षय उपकरणाला पकडता येत नाही. हे वजा केलं की तुमचे ४ साधारण २.३ वर येतात. पॉयसाँच्या सूत्रानुसार सरासरी २.३ घटना अपेक्षित असताना एकही न दिसण्याची शक्यता १० टक्के. म्हणून ही मर्यादा "९० टक्के विश्वासपातळीवर" सांगतात. अर्धायुष्य याहून कमी असतं, तर काहीतरी दिसण्याची शक्यता आणखी वाढली असती.

वर्गात लुडोचे फासे द्या. प्रत्येकाने १३ वेळा टाकायचा. साधारण दहातल्या एकालाच एकही सहा पडणार नाही.

मात्र हे सोपं गणित चालतं ते शिखराच्या जागी इतर किरणोत्साराची भेसळ जवळजवळ नसेल तेव्हाच. गेर्डाचं खरं यश तेच, माझ्या मते मुलांना यावरच जास्त वेळ द्या. भेसळ नसेल तर किलो-वर्षं दुप्पट केली की मर्यादा दुप्पट होते. भेसळ असेल तर त्यासाठी चौपट लागतात. कामलँड-झेनमध्ये नेहमीच्या क्षयाचं शेपूट शिखराच्या जागेत घुसतं, म्हणून ते पूर्ण वर्णपट जुळवून बघतात की सिग्नलला जास्तीत जास्त किती जागा उरते. अणूच इतके आहेत की तरीही ते पुढे जातात.

धागाकर्ती:
मनापासून आभार! फासे उद्याच आणते. एकच राहिलं: कामलँड-झेन न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची मर्यादा २८ ते १२२ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट अशी पसरट देतं. मुलांना कोणता आकडा सांगू?

प्रतिसाद:
दोन्ही सांगा. मोजमाप एकच आहे. अर्धायुष्यावरून वस्तुमान काढताना झेनॉनच्या अणुकेंद्राचं गणित लागतं आणि त्याची वेगवेगळी प्रारूपं वेगवेगळी उत्तरं देतात. आणि मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) टिन-१२४ या कथलाच्या समस्थानिकावर असा शोध घेण्यासाठी केलेल्या कामाबद्दलही सांगा. नैसर्गिक कथलात हा समस्थानिक ६ टक्क्यांहून कमी असतो; समृद्ध करण्याचा खर्च कशासाठी, ते मुलांना तिथे लगेच कळेल.