दायमाबादचा रथ आणि यादवांचे स्थलांतर

एकाने लिहिलंय की प्रवरा नदीकाठच्या दायमाबादला सापडलेलं बैलजोडीच्या रथाचं धातूचं शिल्प म्हणजे द्वारकेचे यादव दक्षिणेत उतरल्याचा थेट पुरावा. उत्तरेशी संबंध होता हे मान्य, पण पुरावा म्हणून रथाला पुढे करू नये. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही चारही शिल्पं 1974 मध्ये झाडाची मुळं खणताना एका शेतकऱ्याला मिळाली. शास्त्रीय उत्खननात नव्हे! म्हणजे ती जमिनीच्या कुठल्या थरातली, आणि म्हणून कुठल्या काळातली, हे कुणीच नोंदवलेलं नव्हतं. पुरातत्त्वज्ञ साळी यांनी पुढे तिथे उत्खनन करून ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातली ठरवली, पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांचाही कल तिकडेच. पण डी. पी. अगरवाल या संशोधकांना शिल्पांच्या धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आढळलं आणि त्यांनी या काळाबद्दल शंका घेतली, कारण ताम्रपाषाणयुगातल्या (तांबं आणि दगड दोन्ही वापरात असलेल्या त्या काळातल्या) इतर वस्तूंमध्ये असं मिश्रण दिसत नाही.

त्यापेक्षा साळींच्या उत्खननात मिळालेल्या हडप्पा लिपीतल्या बटणाकृती मुद्रा बघा. त्यांचा थर ठाऊक आहे. प्रवरेच्या काठापर्यंत हडप्पा संस्कृतीची माणसं किंवा निदान त्यांच्या खुणा पोचल्या होत्या, हे त्या खणखणीत सांगतात. कुठल्याही राजवंशाचं नाव मात्र त्यांवरून काढता येत नाही.