मडगार्ड ब्रेकखाली कापून दोन तुकड्यांत बसवा

रोडबाईकला २८ चे (२८ मिमी रुंद) टायर आहेत, ब्रेकखाली जेमतेम ४ मिमी फट उरते, मग पूर्ण मडगार्ड कसं बसवायचं, असं तुम्ही विचारलंय. अखंड मडगार्ड त्या फटीत कोंबू नका, ही कळकळीची विनंती. पावसात घाटरस्त्यावर टायरला चिकटून बारीक खडी वर येते. ती अडकली तर मडगार्ड आत ओढलं जाऊन पुढचं चाक जागीच थांबू शकतं, आणि उतारावर ते फार महागात पडतं. म्हणून पुढच्या स्टेला (मडगार्ड धरणाऱ्या काडीला) जोर पडताच सुटणारी क्लिप हवीच.

माझ्या सायकलला मी पुढचं मडगार्ड ब्रेकच्या खाली कापून दोन तुकडे केले, कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि मधल्या जागेत काहीच ठेवलं नाही. त्यातला मागचा तुकडा फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या काट्याला) पत्र्याच्या छोट्या पट्टीने धरलाय. बूट आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्या जिथे फिरतात तो बेअरिंगचा भाग) कोरडे ठेवायचं खरं काम तोच करतो, त्यामुळे तो जितका खाली नेता येईल तितका न्या, शिवाय त्याच्या खालच्या टोकाला रबराची झडप लावा. फ्रेमला स्टे बसवायची भोकं नसतील तर रबर लावलेल्या पी-क्लिपा (नळीभोवती आवळायच्या P आकाराच्या पट्ट्या) चालतात. कार्बन फोर्कवर मात्र त्या आवळू नका.

पावसाळ्यापुरते २५ चे टायर घातलेत तर साधारण ३ मिमी जागा आणखी मिळेल. शेवटी हँडल पूर्ण वळवून पायाचा चवडा मडगार्डला लागतो का, तेही बघा.